त्या घरांत आता आपण राहतो

(नेदरलँड्समधील मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळी, नमस्कार.

तिळगूळ वाटून झाला, चिमुकल्यांचं बोरन्हाण झालं आणि जेवणाआधीचा थोडा वेळ समितीने मला दिला. सणाच्या दिवशी असा विषय कशाला, हा प्रश्न एकदोघांच्या चेहऱ्यावर मला दिसतोय. २७ जानेवारी जवळ आली आहे. १९४५ साली त्या दिवशी सोव्हिएत सैन्य नाझींच्या ऑशविट्झ मृत्युछावणीत पोचलं, आणि म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये तो दिवस होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, स्मरणासाठी ठरवला. शिवाय मला तुमच्याकडे एक मागणं मागायचं आहे, ते सगळे एकत्र असतानाच मागितलेलं बरं. येत्या २५ फेब्रुवारीला संध्याकाळी आपण मंडळाचे लोक मिळून ॲमस्टरडॅमच्या योनास दानिएल मायरप्लाइन या चौकात जाऊ या.

तिथे काय असतं, ते आधी सांगते. आपल्यातले कितीतरी जण त्या चौकातून सायकलने कामावर जातात. पोर्तुगीज सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, मागच्या बाजूला, बाह्या सरसावून उभ्या असलेल्या एका दणकट कामगाराचा पुतळा आहे. तो कोणाचा, हे विचारायचं राहून जातं.

नाझी जर्मनीने मे १९४० मध्ये हा देश ताब्यात घेतला. तेव्हा नेदरलँड्समध्ये सुमारे १,४०,००० ज्यू होते, आणि त्यातले ८०,००० च्या आसपास एकट्या ॲमस्टरडॅममध्ये. म्हणजे शहरातला दहातला एक माणूस. हिऱ्यांना पैलू पाडणारे, फेरीवाले, शिंपी, डॉक्टर, शाळामास्तर. आधी त्यांना सरकारी नोकऱ्यांतून काढलं, मग सक्तीची नोंदणी आली. मग डच नाझी पक्षाच्या गणवेशातल्या टोळ्या ज्यू वस्तीत शिरून मारहाण करू लागल्या. वस्तीतल्या तरण्या पोरांनी तोंड दिलं, आणि आजूबाजूचे ज्यू नसलेले कामगारही त्यांच्या बाजूने उतरले. एका चकमकीत टोळीतला एक जण दगावला. त्याचं निमित्त करून २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी, शनिवार-रविवारी, जर्मन पोलिसांनी वस्तीला वेढा घातला आणि चारशेहून जास्त ज्यू तरुण रस्त्यांवरून, घरांतून ओढून काढले. त्यांना याच चौकात हात पुढे धरून उकिडवं बसवलं, मारलं, आणि नेलं. आधी बुखेनवाल्डच्या, मग माउटहाउझनच्या छळछावणीत. त्यांतलं जवळजवळ कोणीच परत आलं नाही.

रविवार हा तिथल्या बाजाराचा दिवस. खरेदीला आलेल्या शहरभरच्या लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं. सोमवारी संध्याकाळी नोर्डरमार्क्टवर उघड्यावर सभा झाली. ती बोलावली होती बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पक्षाच्या कामगारांनी. विलेम क्रान रस्त्यांच्या कामावर होता, पीट नक नगरपालिकेच्या सफाई खात्यात. दोघेही ज्यू नव्हते. रात्रीतून पत्रकं छापली गेली: संप करा, संप करा, संप करा! मंगळवारी, २५ तारखेला पहाटे ट्राम आगारातून बाहेरच पडल्या नाहीत. ट्राम नाही म्हटल्यावर सगळ्या शहराला कळलं. गोदी थांबली, जहाजांचे कारखाने थांबले, मग कचेऱ्या, दुकानं. संप झानस्ट्रेक, हार्लेम, हिल्व्हरसम, उत्रेख्तपर्यंत गेला. पत्रकात पकडलेल्या ज्यूंची सुटका मागितली होती.

दुसऱ्या दिवशी जर्मनांनी गोळीबार करून संप मोडला. नऊ माणसं मेली. ॲमस्टरडॅम शहराला दीड कोटी गिल्डर दंड झाला. १३ मार्चला ज्या १८ जणांना गोळ्या घातल्या, त्यांत तीन संपकरी होते. क्रानला १९४२ मध्ये मारलं. नक छळ सोसून वाचला.

चौकातला तो कामगार म्हणजे या संपाचं स्मारक. पुतळा मारी आंद्रीसन यांनी घडवला, १९५२ मध्ये राणी युलियानाने त्याचं अनावरण केलं. दरवर्षी २५ फेब्रुवारीला महापौरांपासून शाळेच्या पोरांपर्यंत लोक रांगेने त्याच्या समोरून जातात आणि फुलं ठेवतात. शीतयुद्धाच्या काळात, ज्या कम्युनिस्टांनी संपाची हाक दिली त्यांनाच या स्मरणातून बाजूला सारण्याचे प्रयत्न झाले, आणि काही वर्षं स्मरणही दोन वेगवेगळ्या गटांचं झालं. ते मला फार दुःखाचं वाटतं. आज रांग एकच असते.

इथवरची गोष्ट ऐकायला चांगली वाटते. पण एवढंच ऐकून आपण तिथे गेलो, तर अर्धंच ऐकून गेलो असं होईल. म्हणून पुढचंही सांगते.

जुलै १९४२ पासून ज्यूंना देशाबाहेर पाठवायला सुरुवात झाली, आणि त्यांना घरापासून स्टेशनापर्यंत नेलं ते ट्रामनेच. ज्या ट्रामगाड्या फेब्रुवारी १९४१ मध्ये आगारातून निघाल्या नव्हत्या, त्याच. सुमारे ४८,००० माणसं अशी नेली गेली, बहुतेक रात्रीची, आणि नगरपालिकेच्या ट्राम कंपनीने त्या फेऱ्यांची बिलं जर्मनांना रीतसर पाठवली. ज्यू वस्तीतून जाणारी आठ नंबरची ट्राम युद्धानंतर पुन्हा कधी सुरू झाली नाही. पुढे स्टेशनापासून वेस्टरबोर्कच्या छावणीत, आणि तिथून ऑशविट्झ, सोबिबोर या मृत्युछावण्यांकडे डच रेल्वेने. नाव-पत्त्यांच्या याद्या डच कारकुनांनी केल्या, पकडायला डच पोलीस गेले. १,०२,००० हून जास्त माणसं मारली गेली. पश्चिम युरोपातल्या कुठल्याही देशापेक्षा हे प्रमाण मोठं आहे: चारातले तीन गेले.

आणि जे थोडे परत आले त्यांचं काय झालं? घरात दुसरंच बिऱ्हाड. ज्यांची स्वतःची घरं होती त्यांना नगरपालिकेने जमिनीच्या भाडेपट्ट्याची थकबाकी मागितली, वर उशिराचा दंड. माणूस छावणीत होता किंवा कुणाच्या माळ्यावर लपून बसला होता, त्या वर्षांची थकबाकी! ती कागदपत्रं साठ-पासष्ट वर्षं अभिलेखागारात पडून होती. एका विद्यार्थिनीच्या हाती ती लागली, आणि तिने पाठपुरावा सोडला नाही. २०१६ मध्ये शहराने एक कोटी युरो ज्यू समाजासाठी परत केले. मोठ्या पदावर नसलेल्या, विशी-पंचविशीतल्या एका मुलीने हे घडवलं, म्हणून मला ही हकिकत फार मोलाची वाटते.

कबुली उशिराच आल्या. पंतप्रधान मार्क रुटे यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली ती जानेवारी २०२० मध्ये. ॲमस्टरडॅमच्या महापौर फेम्के हाल्सेमा यांनी शहराच्या वतीने मागितली एप्रिल २०२५ मध्ये. रेल्वेने नुकसानभरपाई द्यायचं ठरवलं ते सालो म्युलर यांनी वर्षानुवर्षं मागे लागल्यावर. म्युलर म्हणजे आयाक्स फुटबॉल संघाचे एकेकाळचे फिजिओथेरपिस्ट. त्यांचे आईवडील याच रेल्वेने नेले गेले आणि ते स्वतः लहानपणी लपून वाचले.

आता १४ नंबरच्या ट्रामने कधी प्लांताझ मिड्डनलानवरून गेलात तर डावी-उजवीकडे नीट बघा. एका बाजूला हॉलंडसे स्खाउबुर्ख, पूर्वीचं नाट्यगृह. पकडलेल्या ज्यूंना तिथे कोंडून ठेवत. लहान मुलांना मात्र रस्त्याच्या पलीकडच्या पाळणाघरात ठेवायचे. पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएटे पिमेंटेल आणि नाट्यगृहातला कारभार बघणारे वाल्टर झ्यूस्किंड हे दोघेही ज्यू. या दोघांनी मुलं पळवायची योजना आखली. ट्राम थांब्यावर येऊन उभी राहिली की समोरच्या पहारेकऱ्याला पाळणाघराचं दार दिसेनासं होई. तेवढ्या क्षणात मूल काखेत घेऊन कोणीतरी ट्रामच्या आडोशाने निघून जाई. शेजारीच शिक्षकांचं एक ख्रिस्ती महाविद्यालय होतं, त्याचे प्राचार्य योहान फान हुल्स्ट. मागच्या बागेच्या कुंपणावरून बाळं त्यांच्याकडे दिली जात, आणि तिथून विद्यार्थी ती खेड्यापाड्यांतल्या घरांत पोचवत. सुमारे ६०० मुलं अशी वाचली. पिमेंटेल आणि झ्यूस्किंड मात्र वाचले नाहीत.

फान हुल्स्ट २०१८ मध्ये, १०७ व्या वर्षी गेले. पाळणाघर रिकामं करायची वेळ आली तेव्हा त्यांना शेवटची काही मुलं निवडून न्यायची होती. त्यांनी बारा नेली. तेरावं का नाही नेलं, हा प्रश्न आपण आयुष्यभर स्वतःला विचारत राहिलो, असं ते सांगत. ज्यूंना वाचवणाऱ्यांचा इस्रायलमध्ये जो सन्मान होतो, त्या यादीत पोलंडखालोखाल सगळ्यात जास्त नावं डच लोकांची आहेत. तरीही चारातले तीन गेले. या दोन्ही गोष्टी एकाच देशाच्या आहेत, आणि २५ फेब्रुवारीच्या रांगेत उभं राहणाऱ्या जाणत्या डच माणसाला त्या दोन्ही ठाऊक असतात.

मग आपला काय संबंध? आपण तर काल-परवा आलो, कोणी पाच वर्षांपूर्वी, कोणी पंचवीस. संबंध आहे तो घरांचा.

आम्ही रिविरेनब्युर्टमध्ये राहतो. युद्धाआधी तिथे हजारो ज्यू कुटुंबं होती, जर्मनीतून पळून आलेलीही पुष्कळ. ॲन फ्रँकचं कुटुंब तिथलंच. मारल्या गेलेल्या डच ज्यूंचं एक डिजिटल स्मारक इंटरनेटवर २००५ पासून आहे, त्यात पत्त्यावरून शोध घेता येतो. मी आमचा पत्ता घातला. नवरा, बायको, दोन मुली. सोबिबोर, जुलै १९४३. धाकटी सात वर्षांची. त्यांच्या घरातून कोणीही उरलं नाही. ज्या खोलीत माझा मुलगा अभ्यासाला बसतो, त्या खोलीत त्या मुली निजत असतील. मग त्यांचं नाव घ्यायचं कोणी?

आपल्याकडे तर्पण करताना आईवडील, आजे-पणजे झाले की शेवटी, ज्यांना या जगात कोणीच उरलं नाही अशांसाठीही पाण्याची ओंजळ सोडतात. माझे आजोबा ती सोडायचे. ज्यूंचे मृतांसाठीचे विधी त्यांचे आहेत, त्यांची प्रार्थना म्हणायचा अधिकार त्यांचा आहे, आणि आपण त्यात हात घालायचा नाही. पण ज्यांचं कोणी नाही त्यांची आठवण परक्याने ठेवायची असते, ही समज आपल्याला घरातून मिळालेली आहे. हे काम आपल्याला परकं वाटायचं कारण नाही.

इथले ज्यू नसलेले लोक हे काम आज कसं करतात तेही बघा. २०१२ पासून दर मे महिन्यात, ४ तारखेच्या आसपास, ज्या घरांतून ज्यू नेले गेले त्या घरांत आज राहणारे लोक आपली दारं उघडतात. बैठकीच्या खोलीत खुर्च्या मांडतात, वीस-पंचवीस अनोळखी माणसं येतात, आणि कोणी नातेवाईक किंवा शेजारी त्या कुटुंबाची हकिकत सांगतो. वेस्परस्ट्राटवर २०२१ मध्ये उभं राहिलेलं नावांचं स्मारक तुम्ही पाहिलं असेल. डॅनिएल लिबेस्किंड यांनी आखलेल्या त्या भिंतींत एकेका विटेवर एक नाव, जन्मतारीख आणि मृत्यूच्या वेळचं वय आहे. ज्यूंबरोबर सिंती आणि रोमा या भटक्या समाजांतल्या लोकांचीही नावं आहेत. ५० युरो देऊन कोणालाही एक नाव आपलंसं करता येत होतं, आणि हजारो लोकांनी ते केलं. वेस्टरबोर्कला दर पाच वर्षांनी सगळी नावं मोठ्याने वाचतात. रात्रंदिवस, सलग, कित्येक दिवस, शेकडो वाचणारे. पहाटे तीनला कडाक्याच्या थंडीत उभं राहून कोणीतरी अनोळखी माणसांची नावं वाचत असतं. आणि नेलेल्या माणसांची नावं कोरलेले, त्यांच्या घरांसमोरच्या फुटपाथवरचे ते पितळी दगड! दहा सेंटिमीटर लांब-रुंद, जर्मन कलाकार गुंटर डेमनिग यांनी सुरू केलेले, आता युरोपभर एक लाखाहून जास्त. आमच्या रस्त्यावरची एक शेजारीण, ज्यू नाही, दर वर्षी मे उजाडायच्या आधी गुडघ्यांवर बसून ते घासते. गेल्या वसंतात मी तिच्याबरोबर बसले.

आता आपल्या घरचं थोडं बोलते, आणि स्पष्ट बोलते.

आपल्याला अभिमान वाटावा असं एक आहे. अलिबाग, पेण, रोहा या भागांत बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, कित्येक शतकं राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर, बोली आपली. वल्हांडण सणाच्या जेवणाच्या वेळी वाचायची पोथी १८७४ मध्ये पुण्यात मराठीत छापली गेली. ज्यू म्हणून कोकणात त्यांच्या घरांवर कोणी चालून गेलं नाही. ही खरी, चांगली गोष्ट आहे, आणि इथल्या ज्यू मित्रांना ती सांगितली की त्यांचे चेहरे उजळतात.

पण आपल्या नावावर नसलेलं पुण्य आपण घेऊ नये. कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धाच्या काळात पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले, आणि ‘आम्ही ज्यूंना आसरा दिला’ म्हणून ही गोष्ट मोबाइलवर फिरते. ते लोक मुख्यतः कॅथलिक होते, सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेले. कोल्हापूरचं आतिथ्य मोठंच, पण गोष्ट वेगळी.

आणि दुसरं. ‘आपल्याला एक हिटलरच पाहिजे’ हे वाक्य आपल्यातल्या कोणी ऐकलेलं नाही? शिस्त लावणाऱ्या मास्तरांना, कडक सासऱ्यांना कौतुकाने हिटलर म्हटलं जातं. त्याचं आत्मचरित्र आपल्या रेल्वे स्थानकांवरच्या स्टॉलवर यशाच्या गुरुकिल्ल्यांशेजारी ठेवलेलं असतं. नवी मुंबईत २००६ साली एका उपाहारगृहाला त्याचं नाव दिलं होतं. मुंबईतल्या ज्यू समाजाने जाऊन समजावलं, तेव्हा ते बदललं. हे सगळं अज्ञानातून होतं, मान्य. पण इथे राहून ते अज्ञान चालवून घेता येणार नाही. आपलं मूल वर्गात हसत हसत ते नाव घेतं तेव्हा शेजारच्या बाकावर कोणाची पणती बसली आहे, हे त्याला माहीत असायला हवं. ते सांगायचं काम आपलं, घरातलं.

काही सभासदांनी फोनवर मला विचारलं, की गाझात जे झालं ते बघून आता असल्या कार्यक्रमाला जायचं का? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ देते. मार्च २०२४ मध्ये इथलं राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय सुरू झालं तेव्हा इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष आले होते, आणि बाहेर मोठी निदर्शनं झाली. सरकारचा निषेध करायचा हक्क प्रत्येकाला आहे. गाझातल्या मुलांसाठी माझाही जीव तुटतो, ते मी लपवत नाही. पण १९४३ मध्ये माझ्या घरातून नेलेल्या सात वर्षांच्या मुलीकडून आज कशाचा हिशेब मागायचा? आणि लपून वाचलेल्या, आता नव्वदीत आलेल्या बाईला फुलं ठेवताना कोणी राजकारणाचा जाब विचारावा, हे मला अन्यायाचं वाटतं. बाउटेनवेल्डर्टमध्ये आपली कितीतरी कुटुंबं राहतात. तिथल्या ज्यू शाळांसमोरचा पहारा तुम्ही रोज बघता. पहिलीतलं पोर सशस्त्र पहाऱ्यातून शाळेत जातं. त्या पोराच्या बाजूने उभं राहायला कुठल्याही सरकारच्या बाजूने उभं राहावं लागत नाही.

याची दुसरी बाजूही मी बोलणार आहे, कारण ती मोबाइलवरच्या आपल्याच गटांवर दिसते. ज्यूंबद्दलची आपुलकी म्हणून काही संदेश फिरतात, आणि दोन ओळी खाली गेलं की तो मुसलमानांवरचा राग असतो. तसल्या मनाने कोणी येणार असेल तर त्याने कृपा करून येऊ नये. एका समाजाचं दुःख घेऊन दुसऱ्या समाजाला मारायचं, हे त्या विटांवरच्या माणसांच्या वाट्याला पुन्हा अपमान देणं आहे. आपल्या शेजारच्या मोरोक्कन, तुर्की कुटुंबातलं कोणी बरोबर यायला तयार असेल तर त्यांना जरूर आणा.

तर २५ तारखेचं ठरवू या. कार्यक्रम संध्याकाळी पाचच्या सुमारास असतो. आपण सव्वाचारला वाटर्लोप्लाइन मेट्रोच्या बाहेर भेटू. दोनच दिवसांनी आपला मराठी भाषा गौरव दिन आहे, त्याची तालीम त्या दिवशी ठेवू नका, अशी सांस्कृतिक समितीला विनंती आहे. मंडळाचा फलक आणायचा नाही. पोशाख साधा, कपडे गरम. उभं राहावं लागतं. फुलं आपापली आणा, दोन-चार पुरेत. तिथे बोलायची जबाबदारी आपल्यावर नाही, ऐकायची आहे. ‘आमच्याकडेही फाळणीत असंच झालं’ हे आपल्या मनात येईल, आणि ते दुःखही खरं आहे, पण त्या संध्याकाळी ते बोलू नका. कोणी विचारलं की तुम्ही कुठले, तर सांगा: महाराष्ट्रातले, आणि आता या शहरातले. आठ वर्षांवरच्या मुलांना आणा, मात्र आधी घरी त्यांना समजेल इतकं सांगून आणा. फोटो काढायचे असतील तर पुतळ्याचे काढा, आपले नकोत.

येणाऱ्यांनी नावं सचिवांकडे द्या. आणि ज्यांचं घर १९४२ च्या आधीचं आहे आणि ज्यांना पत्ता शोधून बघायचा आहे, त्यांच्यासाठी मी जेवणानंतर खिडकीजवळच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसते. स्मारकाची पानं डच आणि इंग्रजीत आहेत, वाचायला अडचण आली तर मदत करेन. रस्त्याचं नाव आणि घर क्रमांक तेवढा आठवून या.